खोट्या नाण्यांचा उन्हाळा

जगातली प्रत्येक मोठी गोष्ट खरी होण्याआधी एकदा खोटी होऊन गेलेली असते. नाटकाची तालीम होते, पुलावरून आधी वाळूने भरलेले ट्रक नेऊन बघतात, सभेआधी रिकाम्या खुर्च्यांसमोर कुणीतरी माईकवर ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणून जातं. हे वाक्य मला दरवर्षी मार्चच्या सुमारास सुचतं आणि दरवर्षी मी त्यावर खूश होते. मग सावित्री नदीपलीकडच्या कुठल्यातरी शेतातून राबाचा धूर महाडच्या माझ्या खिडकीतून आत येतो, मला खोकला लागतो आणि वाक्य तिथेच राहतं. शिवाय सभांचं म्हणाल, तर पुष्कळ सभांमध्ये ते एक, दोन, तीन एवढंच ऐकण्यासारखं असतं.

राब म्हणजे भाताची रोपं जिथे वाढवायची, तो शेताचा लहानसा तुकडा. उन्हाळ्यात त्याच्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि सावकाश धुमसू देतात. त्याने तण मरतं, असं शेतकरी सांगतात. जाळू नका, असं सांगायला साहेबलोक येतात. दोन्ही बाजू दरवर्षी आपापलं काम निष्ठेने करतात. त्या धुराला सुक्या शेणाचा, आंब्याच्या पानांचा आणि भाजलेल्या मातीचा असा एक वास असतो, की तो आला की मी महाडच्या दुसऱ्या मजल्यावर नसते. मी काकीच्या पडवीत असते, मांडीवर लॅपटॉप असतो, आणि काकी एका डोळ्यावर हिरवं झापड लावून धुराकडे पाठ करून बसलेली असते.

माझी ही चुलती पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला असलेल्या एका वाडीत एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दोन मुलगे मुंबईत, दोघांनाही रजा नाही. घरातल्या सगळ्या फोनांवरून एकच वाक्य फिरलं, “शुभा काय, घरीच असते.” मी घरी असते हे खरं आहे. घरी बसून नोकरी करते हेही खरं आहे. पण या दुसऱ्या सत्यावर आमच्या कुळात अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. तेव्हा दिवसातून चार वेळा थेंब घालायला मी गेले. दीड महिन्यासाठी गेले आणि जूनपर्यंत राहिले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, धुरात जायचं नाही. थोडक्यात जगायचं नाही, असा काकीने त्याचा अर्थ लावला.

माझं काम तिला समजावून सांगण्यात पहिला आठवडा गेला. ते इथेही सांगायला हवं. संगणकावरची जी नाणी असतात, ज्यांच्याबद्दल पेपरात कधी ‘उसळी’ आणि कधी ‘आपटी’ असं छापून येतं, ती एका सॉफ्टवेअरवर चालतात. जगभर पसरलेली हजारो यंत्रं एकमेकांशी ताडून बघत ते चालवत असतात. त्यात काही बदल करायचा झाला, तर थेट खऱ्या जाळ्यावर करून चालत नाही. चुकलं तर लोकांचे खरे पैसे जातात. म्हणून हुबेहूब तसंच एक सरावाचं जाळं असतं. नाणी तशीच, देवघेव तशीच, यंत्रं तशीच. फक्त नाण्यांची किंमत शून्य. त्याला टेस्टनेट म्हणतात. ते चालू ठेवणं, त्यातली यंत्रं पडली तर उभी करणं, लोकांना त्याच्यावर मनसोक्त मोडतोड करू देणं आणि मोडलेलं निस्तरणं, हे माझं काम.

काकीने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी भातुकलीतला भात,” ती म्हणाली.

“तसंच म्हण.”

“आनि तो शिजवायला तुला पगार देतात?”

“देतात.”

“खरा?”

“खरा.”

“मग तू त्यांना फसवतेस का ते तुला, ह्ये आधी बघ गो.”

मी या क्षेत्रातली पुष्कळ जाडजूड विवेचनं वाचली आहेत. इतका नेमका प्रश्न त्यांत कुठे आढळला नाही.

पडवीत जिथे पूर्वी जातं होतं, त्या कोपऱ्यात मोबाइलला दोन दांड्या रेंज यायची. तिथे मी दिवसभर बसायची. एप्रिलच्या सुरुवातीला एका नव्या बदलाने आमचं जाळं मधोमध फुटलं. निम्मी यंत्रं म्हणू लागली की अमुक व्यवहार झाला, निम्मी म्हणू लागली की झालाच नाही. दोन्ही तट आपापला इतिहास लिहीत पुढे निघाले. माझ्या फोनवर दहा देशांतून हाका येऊ लागल्या. दोन दिवस खपून आम्ही दोष शोधला, यंत्रं पुन्हा एका वाटेवर आणली. कुणाचा एक पैसा गेला नाही, कारण जाण्यासारखा तिथे नव्हताच. माझी सगळी कारकीर्द अशी न झालेल्या नुकसानीवर उभी आहे. तिचा पुतळा उभारायचा झाला तर रिकामा चौथरा पुरेल.

सरावाची नाणी मागेल त्याला फुकट मिळतात. ती देणारं एक पान असतं, त्याला आमच्यात नळ म्हणतात. माझा नळ चोवीस तास चालू असायचा. त्याच्यासमोर कुणी हंडा घेऊन भांडत नव्हतं, तरी एका माणसाला दिवसाला किती द्यायचं याची मर्यादा मी घालून दिली होती. वाडीतला नळ तिसऱ्या दिवशी अर्धा तास यायचा. पावसाळ्यात जिथे डोंगरच्या डोंगर पाण्याने पांढरे दिसतात, तिथे एप्रिलमध्ये कळशी धुतलेलं पाणीही कशाला तरी वापरतात. “तुझ्या नळाला धार हाय ना बरी?” असं काकी मला गंभीरपणे विचारायची, आणि मी “आहे” म्हटलं की “मग दोन हंडे भरून ठेव,” म्हणायची.

लोक फुकटच्या नाण्यांची साठवण करतात, हे तिला कळलं तेव्हा मात्र ती जरा थांबली. कारण आमचं जाळं त्यामुळेच बंद होणार होतं. सरावाच्या नाण्याला किंमत नसणं हाच त्याचा एकमेव गुण. पण काही जणांनी ती ढिगाने गोळा केली होती, नव्यांना मिळेनात, म्हणून कुणीतरी ती चक्क विकत घेतली. ज्या दिवशी सरावाचं नाणं विकलं जातं, त्या दिवशी सराव संपतो. मेअखेर ते जाळं मिटवायचं आणि नवं, कोऱ्या नाण्यांचं सुरू करायचं, असं ठरलं होतं.

“भातुकलीतला भात इकत घेतला?” काकी म्हणाली. “त्याला म्हाडला माझ्या डाक्टरकडं पाठव. माझ्यापेक्षा त्याला मोती मोठा झालाय.”

आता या सगळ्यात भात कुठून आलं, ते सांगते.

चुलीच्या वर, आढ्याला एक भोपळ्याचा तुंबा टांगलेला असायचा. त्यात राखेत घोळवलेलं बियाणं होतं. काका लावायचे, ते भात. लालसर तूस, दाण्याला बोटभर लांब कुसळ. त्याला नाव नव्हतं. वाडीत त्याला ‘वरच्या घरातलं’ म्हणत, आणि वरचं घर म्हणजे काकीचं. काका गेल्यावर शेत शेजारच्या बाळूदादाने कसायला घेतलं. तो बाजारातलं पिशवीतलं बियाणं आणतो, जे लवकर तयार होतं आणि आडवं पडत नाही. काकी मात्र परसात घरापुरत्या तुकड्यात हे भात दरसाल लावायची, बी काढायची, तुंब्यात ठेवायची. पुढे डोळ्यांनी दिसेना, तेव्हा दोन पावसाळे ते राहून गेलं. तुंब्यात उरलं होतं दीड मूठ. आणखी कुणाच्याही घरात ते नव्हतं.

“दोन वर्सं झाली. ह्या मिरगाला नाय पेरलं तर संपलं,” काकी म्हणाली. “पन त्यात जीव हाय का नाय, कोन सांगनार? मला तर दाना दिसत नाय.”

मी सांगणार होते. कशात जीव आहे हे तपासण्याचा मला तेरा वर्षांचा अनुभव होता.

पद्धत सोपी आहे आणि जुनी आहे. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायचे, सावलीत ठेवायचे, चार-पाच दिवसांनी किती मोडावले ते बघायचं. पण माझ्या धंद्यात एका चाचणीवर कुणी विश्वास ठेवत नाही. मी चार पुरचुंड्या केल्या. एक साध्या पाण्यातली, एक मिठाच्या पाण्यातून काढलेली, एक चुलीपाशी उबेला, एक माठाखाली गारव्याला. प्रत्येकीत शंभर. पाचव्या दिवशी मोजलं. आकडे एकमेकांशी जुळेनात. म्हणून पुन्हा चारशे. काकी भिंतीला टेकून बसायची, मी दाणे शंभरापर्यंत मोजायची, मध्येच ती काहीतरी सांगायची आणि माझी मोजणी चुकायची.

“तुझ्या काकांनी लग्नात भाषान केलेलं, ठाव हाय?”

“काका? भाषण?”

“म्हनाले, बसा. जेवा. मग खाली बसले.”

मी पुन्हा एकपासून सुरू करायची. ते दाणे बोटांखाली अजून आहेत; कुसळ टोचायचं, राखेने नखं काळी व्हायची. त्या उन्हाळ्यात मी काकीकडून काकांबद्दल जेवढं ऐकलं, तेवढं काका असताना चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते नदीत कधी उतरले नाहीत, पोहता येतं असं मात्र सगळ्यांना सांगत. त्यांना काकीच्या हातची भाकरी पातळ वाटायची आणि आईच्या हातची जाड. स्वतः करून बघितली ती तव्यावरून सुटलीच नाही. आणि भात कापताना ते मागे वळून वळून बघायचे. काय बघायचे? “मी येते का नाय, ते,” काकी म्हणाली, आणि झापडाखालून पाणी आलं. मी थेंबांची वेळ झाल्याचं सांगून ते पुसलं. थेंबांची वेळ झाली नव्हती.

तिसऱ्या खेपेचे चारशे फडक्यात होते, तेव्हा बाळूदादा आला. बाळूदादाने वीस वर्षं मुंबईत एका इमारतीवर वॉचमनगिरी केली आहे, त्यामुळे तो कुठल्याही गोष्टीकडे आधी संशयाने बघतो. अंगणात कोंबड्या काहीतरी टिपत होत्या. तो वाकला, त्याने एक दाणा उचलला.

“काकी, ह्ये मोडावलेलं बियानं कोंबड्यांना कोनी टाकलं?”

“मी टाकलं,” मी म्हटलं. “तपासून झालं होतं.”

“किती?”

“आठशे.”

“आठशे.” त्याने तो दाणा तळहातावर घेऊन मला दाखवला. पांढरा, टोकदार, टवटवीत मोड. “आनि आता तुंब्यात किती हाय?”

मी कोंबड्या हाकलू लागले.

“अगो बाय, एकदा मोडावला तो पुन्हा तुंब्यात जात नाय. त्याला माती लागते नायतर मरतो. आमी तपासतो ते एकदाच, मिरगाच्या तोंडावर. शंभर दाने, सिंपल. उगवले तर तेच पयले टाकायचे. नाय उगवले तर दुसऱ्याकडनं मागायचं. आता ह्ये तू कोनाकडनं मागनार?”

माझ्या धंद्यातला पहिला नियम असा आहे की खऱ्यावर प्रयोग करायचा नाही. आधी त्याची नक्कल करायची, मग नकलेवर हवा तेवढा धुडगूस घालायचा. हा नियम मी कितीतरी नवशिक्यांना शिकवला आहे, तोही जरा वरच्या पट्टीत. आणि जगात ज्याची दुसरी प्रत नव्हती, त्या दीड मुठीतलं अर्ध्याहून जास्त मी मोजून मोजून संपवलं होतं. निष्कर्ष अगदी भरवशाचा होता. शंभरातले चाळीस उगवतात. ज्यांनी हे सिद्ध केलं, ते कोंबड्यांच्या पोटात होते.

बाळूदादा गेल्यावर मी काकीला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“व्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

समोरच्या उतारावर कुणाचा तरी राब धुमसत होता. तिने मान वळवून नाकाने अंदाज घेतला. “शेन कमी घातलंय त्याने,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तू त्या डब्यावर बसलीस की बोलत नायस. दाने मोजायला घेतलेस की बोलतेस.”

मी लॅपटॉप मिटला. त्यावर एक यंत्र पडल्याची सूचना येत होती. ते पडून राहिलं.

तिसऱ्या खेपेच्या चारशेपैकी दीडशेच्या वर मोडावले. ते मी कोंबड्यांना टाकले नाहीत. एका तळ फुटक्या घमेल्यात शेणखत आणि माती भरून त्यात पेरले. एप्रिलच्या अखेरीला, जेव्हा वाडीत माणसांना प्यायला पाणी मोजून मिळतं, तेव्हा भाताची रोपं जगवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. तो आम्ही दोघींनी मिळून केला. तांदूळ धुतलेलं पाणी, तोंड धुतलेलं पाणी, पेल्यात राहिलेला घोट. काकी आंघोळीला बसताना ते घमेलं जवळ ओढून घ्यायला सांगायची. दोन्ही मुलांना फोनवर तिने यातलं काही सांगितलं नाही. मोठ्याने विचारलं, “आई, टाइमपास होतो ना तुझा?” ती म्हणाली, “व्हतो.”

मेच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता आमचं जाळं बंद करायचं होतं. बंद करायला एका ओळीची आज्ञा पुरते. पण संस्थेने निरोप समारंभ ठेवला. वेगवेगळ्या देशांतली वीसेक माणसं पडद्यावर चौकटीचौकटीत जमली. आमच्या प्रमुखांनी भाषण केलं, त्यात ‘वारसा’ हा शब्द पाच वेळा आला. या जाळ्याने जगाला विश्वास म्हणजे काय हे शिकवलं, असंही ते म्हणाले. वस्तुतः त्यावरच्या लोकांनी एकमेकांना शून्य रुपयांची नाणी विकली होती, पण अशा प्रसंगी ते काढायचं नसतं. मग सगळ्यांनी एक मिनिट उभं राहावं असं ठरलं. मीही उभी राहिले. एवढ्यात माझ्या चौकटीत मागे, अजूनही हिरवं झापड न सोडलेली काकी दारात येऊन उभी राहिली.

“कोन गेलं गो?”

“कुणी नाही. एक यंत्र बंद करतोय.”

“मग ही मानसं उभी का?”

माझा माईक चालू राहिला होता. मराठी कुणालाच येत नव्हतं, पण तिचा सूर सगळ्या देशांत समजला असावा, कारण दोघं-तिघं पटकन खाली बसले. मी ती एक ओळ लिहिली. हिरव्या अक्षरांच्या जागी काळं झालं. तेरा वर्षांत मी अशी चार जाळी बंद केली होती आणि एकदाही काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र उठून मी परसात गेले आणि घमेल्यात बोट घालून माती ओली आहे का ते पाहिलं.

पाऊस वेळेवर आला. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

उरलेलं अर्धी मूठ बी काकीने स्वतः पेरलं, बाळूदादाने भाजून दिलेल्या राबाच्या एका कोपऱ्यात. डोळा बरा झाला होता; तिने दाणा हातात धरून उन्हात बघितला, मग मला बघितलं. “तू जाड झालीस,” म्हणाली. चाळीस टक्क्यांचा माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला, आणि त्याचा मला आयुष्यात प्रथमच राग आला. लावणीच्या वेळी मी महाडहून गेले. घमेल्यातली रोपं तोवर उंच, पिवळसर, थकलेली झाली होती. बाळूदादाने ती उपटून हातात घेतली. “ह्यांचं तर लगनाचं वय उलटून गेलं,” तो म्हणाला, माझ्याकडे मुद्दाम न बघता. “तरी लावू. कोन जाने.”

लावली. दोन खाटांएवढा तुकडा झाला. मी चिखलात उभी होते, आणि काकी बांधावरून सांगत होती, दोन बोटांनी धर, अंगठ्याने दाब, सरळ नको, जरा कलती लाव, तिची ती उभी राहते. कलती लावलेली रोपं दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच उभी होती.

नवं जाळं आता नीट चालतं. त्याच्या नळाला मी अधिक कडक मर्यादा घातली आहे. तरी कुठेतरी कुणीतरी नाणी साठवत असणारच. माणूस किंमत नसलेली गोष्टही स्वतःपाशी ठेवून बघतो. पूर्वी मी अशांना हसायची. आता त्यांची यादी उघडते, बघते आणि काही न करता मिटते.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कापणीला मी रजा टाकून गेले. भात छातीपर्यंत वाढलं होतं, लाल कुसळांचं, वाऱ्यावर घोड्याच्या आयाळीसारखं हलणारं. कापताना काकी पुढे होती आणि मी मागे. ती दोनदा वळून बघत थांबली. तिला काही विचारावंसं मला वाटलं नाही. झोडून, वाळवून, तुंबा काठोकाठ भरला, वर शेरभर उरलं. ते मी कांडून त्याचे तांदूळ करून घेतले. चुलीवर पातेलं ठेवलं. एवढ्या सगळ्यानंतर काकांच्या भाताची चव काय असते, हे मला कळायला हवं होतं. काकी माझ्याकडे नवलाने बघत राहिली.

“ह्यो भात खानार?”

“मग? काकांना आवडायचा ना?”

“त्यांना? त्यांनी कवा तोंडात नाय घातला. घशात टोचतो. ह्ये पेंड्यासाठी लावायचं. लांब पेंडा, वळून दोर होतो. भारे बांधायला.”

“मग तू इतकी वर्षं बी कशाला जपलंस?”

“त्ये लावायचे म्हनून,” काकी म्हणाली, आणि तुंब्याचं तोंड फडक्याने बांधून तिने तो माझ्या हातात दिला, वर टांगायला.

भात शिजायला दीड तास लागला आणि तो घशात टोचला. वाडीत आता सगळे जण भारे नायलॉनच्या सुतळीने बांधतात.